भामाबाईचं नाक

भामाबाई मंगळवारी यायची. डोक्यावर मिठाची पाटी, मिठावर फडकं आणि फडक्यावर त्या दिवशी हाताला लागेल ते: मायाळूची जुडी, अंबाडी, श्रावण-भाद्रपदात जाड सालीची तवसं, म्हणजे मोठ्या काकड्या. पुढच्या दाराने ती कधी आली नाही. विहिरीला वळसा घालून मागच्या पडवीत यायची आणि पाटी खाली टेकायच्या आधीच माझ्या स्वयंपाकघरात काय चाललं आहे ते मला सांगायची.

"मास्तरीणबाई, तूप उतरवा, लाल होईल."

"आज डाळीला हिंग घातला नाय का?"

एकदा म्हणाली, "तुमच्या रव्याला जाळी लागली हाय." डबा उघडून पाहिला तर खरंच लागली होती. मी म्हटलं, "भामाबाई, तुमचं नाक सरकारने पोलिसात घ्यायला हवं."

"नाक घेतील, मंग मीठ कोण इकंल?"

आम्ही पनवेलला चौपन्न साली आलो. यजमानांची शाळेत बदली झाली होती. मी बी.ए. झालेली, पण सगळं शिक्षण आता पाणी उकळणं, दूध गाळणं आणि वेणूच्या कपाळाला हात लावून पाहणं यांत खर्च होत होतं. वेणू माझी मुलगी, एकुलती. लहानपणी ती सारखी आजारी असायची. तिच्या प्रत्येक खोकल्याला मी हातातलं काम टाकून धावायची आणि अजूनही धावते. यजमान म्हणत, इतकी काळजी करून काय होणार? काही होत नाही हे मलाही कळतं, पण काळजी थांबत नाही.

भामाबाईचं गाव तळोज्याच्या बाजूला, खाडीला लागून. अर्धी वाट टांगा, पुढे खाऱ्या शेतांच्या बांधावरून पायी. नवरा मिठागरात कामाला होता. तो गेला तेव्हा मुलगा धर्मराज चार वर्षांचा. दोन वर्षांनी सासूही गेली. सासूने तिच्यासाठी मागे ठेवलं ते एक घर, दोन शेतं आणि नव्याच्या रोटाचा मान.

हा मान काय ते मला समजायला वेळ लागला. आश्विनातली पौर्णिमा आपल्याकडे कोजागरी, तर त्यांच्याकडे नव्याची पुनव. त्या दिवशी भाताच्या नव्या लोंब्या आंब्याच्या पानांत गुंडाळून दाराला बांधतात. तोवर नवा तांदूळ कोणी तोंडात घालत नाही. घराघरातून ओंजळ ओंजळ हळव्या, लवकर पिकणाऱ्या भाताचा तांदूळ येतो, तो जाडसर कांडतात आणि त्याचा सगळ्या गावाचा मिळून एकच रोट होतो. किसलेलं तवसं, गूळ, खोबरं घालून मोठ्या टोपात, तळाला हळदीची पानं, खाली विस्तव आणि वर झाकणावर करवंट्यांचे निखारे. साधारण दोन तास लागतात. तो रोट देवीपुढे नेतात, काशिराम म्हणून गावातले म्हातारे आहेत ते झाकण काढतात, आणि मग घरोघर तुकडा.

यात एक अट असे. एकदा निखारे ठेवले की झाकण उघडायचं नाही. पहिली वाफ देवीची. आत काय झालं आहे, कच्चं आहे की करपलं आहे, ते बाहेर बसून ओळखायचं. आणि ते फक्त वासाने ओळखता येतं. पनवेलच्या बाजारात बेकरी होती. दिवाळीच्या आधी आम्ही बायका मैदा, तूप, साखर घेऊन तिथे नानकटाई भाजून आणायला जात असू. भट्टीवाल्याला मी एकदा विचारलं होतं, पत्रा नेमका कधी काढायचा? तो म्हणाला, "ते नाकाला कळतं, बाई." पण त्याला निदान भट्टीत डोकावता तरी येत होतं.

मान होता, तशी बंधनंही होती. रोटाची चूल वर्षभर रोज पेटली पाहिजे. म्हणजे मान ज्या बाईकडे तिने रात्रीला गाव सोडायचं नाही. अठरा वर्षांत भामाबाई एकदाही माहेरी राहिली नव्हती. आई वारली तेव्हा सकाळी गेली आणि दिवेलागणीला परत आली. तरी ती हा मान जिवापाड धरून होती, आणि का ते एकदा तिनेच मला सांगितलं. "लग्नाला जातो, मागं बसतो. बारशाला जातो, मागं बसतो. रांड मुंडीनं पुढं याचं नाय. पण पुनवेला काशिरामबाबा माज्या दारात येतात न् हाक मारतात. सगळ्यांच्या आदी मला."

सत्तावन्न साली पावसाच्या तोंडाशी फ्लूची साथ आली. घरटी माणसं पडली होती. वेणू तीन वर्षांची, तिचा ताप एकशेचारच्या खाली येईना. यजमान स्वतः अंथरुणावर. मी तीन रात्री डोळा लावला नव्हता. मंगळवारी भामाबाई आली, दारातूनच माझ्याकडे पाहिलं आणि पाटी उतरवून सरळ आत आली. वेणूला माझ्या मांडीवरून उचलून स्वतःच्या मांडीवर घेतलं.

"निजा तुमी."

"अहो, साथीचा ताप आहे हा. तुम्हाला लागेल."

"मला काय लागतंय? मी मिठातली. निजा."

मी दुपारपर्यंत झोपले. उठले तेव्हा वेणू तिच्या छातीवर तोंड टाकून निजली होती, घामाने दोघींची लुगडी-झबली ओली, आणि ताप उतरला होता.

त्यानंतर तीन मंगळवार भामाबाई आली नाही. चौथ्या मंगळवारी आली ती अर्धी झाली होती. ताप आला होता म्हणाली, बाकी काही नाही. पडवीत भिंतीला टेकून बसली. मी विहिरीवर पाणी काढत होते आणि शेगडीवर दूध ठेवलेलं मी साफ विसरले. भामाबाई त्या शेगडीपासून चार हातांवर, दाराकडे पाठ करून अंबाडी निवडत होती. दूध उतू गेलं, निखाऱ्यांवर सांडलं, पातेल्याच्या बुडाला लागलं. मला विहिरीवर वास आला. मी धावत आले तर ती तशीच निवडत बसलेली.

"भामाबाई, दूध!"

तिने वळून पाहिलं. धूर पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावरूनच मला कळलं.

"तापात मेलं," ती नाकाला हात लावून म्हणाली. "बोंबलाचा वास येत नाय. शेणाचा येत नाय. फूल नाकात घातलं तरी नाय."

मी म्हटलं, परत येईल, अशक्तपणा गेला की येईल. डॉक्टरांनाही विचारलं. ते म्हणाले, येतं कधी कधी, कधी येत नाही. श्रावण गेला, भाद्रपद गेला, नाक आलं नाही. माझ्या मनात एकच घोळत होतं की हा ताप आमच्या घरातून गेला. वेणूच्या श्वासातून. कोणाला ते सिद्ध करता येणार नाही, आणि तिच्या गावातही साथ होतीच. तरी तो गावातून आला असेल हे मला पटलेलं नाही.

पितृपक्षात ती आली तेव्हा म्हणाली, "कोणाला बोलू नका. पोरीच्या डोक्यावर हात ठेवा न् शपथ घ्या."

मी शपथा-बिपथा न मानणारी. पण वेणूच्या डोक्यावर हात ठेवायला माझा हात उठेना. म्हटलं, "माझी घेते. माझ्या गळ्याची. वेणूची नको." ती हसली. त्या दिवसांत ती फार कमी हसायची.

"सुनेला का सांगत नाही?" मी विचारलं. "घरातच तर आहे. ती वास घेईल."

भामाबाईने पदराने तोंड पुसलं. धर्मराज मुंबईला गोदीत होता. त्याची बायको दमयंती उरणकडची, तोंडाने तिखट. लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी दोघींचं बिनसलं आणि एका घरात दोन चुली झाल्या. मध्ये कूड, कारवीच्या काट्यांची शेणाने लिंपलेली भिंत. एकीकडे सासूची चूल, दुसरीकडे सुनेची. बोलणं जेवढ्यास तेवढं, तेही भिंतीतून. आणि रोटाचा मान चुलीचा. वेगळ्या चुलीच्या बाईने रोटाच्या निखाऱ्याला हात लावला की मान तिच्याकडे गेला. निखारे जी उतरवते तिच्याच डोक्यावरून टोप देवळात जातो.

"मी मागितलं का ती घेणार," भामाबाई म्हणाली. "मंग मी कुटं बसू?"

आणि मग तिने तिचा बेत सांगितला. पुनवेला मी वेणूला घेऊन पाहुणी म्हणून यायचं. चुलीजवळ बसायचं. वास आला की मी खुणेने सांगायचं. निखाऱ्याला हात तिचाच लागणार. "तुमी नाक, मी हात."

घटस्थापनेच्या आदल्या मंगळवारी आमच्या पडवीत रंगीत तालीम झाली. तिने छोटा टोप आणला होता, जुना तांदूळ कांडून आणला होता. शेगडीवर टोप चढवला, वर झाकण, झाकणावर निखारे. मी गुडघ्यावर हात ठेवून नाक पुढे करून बसले.

"काय येतंय?"

"काही नाही अजून... आता येतो आहे. हिरवा."

"हिरवा? हिरवा वास कसा असतो?"

"पानाचा. हळदीच्या पानाचा."

"हां. मंग तसं बोला."

थोड्या वेळाने पुन्हा, "आता?"

"गोड."

"गोड म्हंजे? गूळ का खोबरा? गूळ शिजताना का गूळ बसताना?"

मी नाक पुढे नेलं, मागे घेतलं, डोळे मिटले. भामाबाई माझ्याकडे पाहत होती, आणि तिला स्वतःला काहीच कळत नव्हतं, सगळं माझ्या तोंडून ऐकायचं होतं.

"एवडं शिकलाव न् गोड म्हंजे काय ते म्हाईत नाय. माजं नाक तापानं गेलं, तुमचं पुस्तकानं."

तालमीत झाकण उघडायला हरकत नव्हती. पहिल्यांदा उघडलं तर कच्चं, दुसऱ्यांदाही कच्चं. तिसऱ्यांदा मला एकदम वेगळा वास आला, लाह्या भाजल्यासारखा, कोरडा. मी म्हटलं, "लाह्या!" तिने चिमट्याने झटकन निखारे काढले आणि झाकण उचललं. वरून बदामी, कडा सुटलेल्या. तिने कडेला बोट लावून पाहिलं. मग म्हणाली, "हाच. ह्या वासावर ध्यान ठेवा. ह्याच्यापुढं गूळ जळतो, मंग काय हाती लागत नाय."

पुनवेला सकाळी आम्ही निघालो. यजमान म्हणाले, "नाक बरोबर घेतलंस ना?" मी बरोबर उकळलेलं पाणी, वेणूचा स्वेटर, कापूर, तापाच्या पुड्या घेतल्या होत्या. टांगा सोडल्यावर बांधावरून चालताना एका हाताला खाडी आणि दुसऱ्या हाताला पिवळं भात. वेणू पुढे पळायची, मी तिचा फ्रॉक मागून धरून चालत होते.

भामाबाईचं घर शेणाने सारवलेलं, दाराला नव्या लोंब्यांची जुडी. अंगणात बायका कांडत होत्या. भामाबाई पहाटेपासून उभीच होती, तिचे पाय सुजलेले दिसत होते. तिने मला चुलीजवळ पाट दिला. तिची जाऊ चंद्रावती अंगणातून म्हणाली, "मास्तरीण आली का रोट शिकाला? मास्तरला खाऊ घालनार वाटतं!" सगळ्या हसल्या. मीही हसले आणि पाट चुलीकडे आणखी सरकवला.

कुडापलीकडून भांड्यांचा आवाज येत होता. दमयंती तिकडे भाकऱ्या करत होती. धर्मराज सकाळीच मुंबईहून आला होता, दोन्ही चुलींच्या मधे कुठे बसावं ते न कळून ओटीवर बसला होता.

टोप चढला. निखारे ठेवले गेले. भामाबाईने हात जोडले आणि चूल सोडून मागे बसली. मी बसले. हळदीचं पान आलं, गूळ आला. पण आमच्या पडवीत एक शेगडी होती. इथे अंगणात सुकट वाळत होती, शेजारी कोणी काही तळत होतं, कुडातून भाकरीचा वास येत होता, आणि चुलीचा धूर सगळ्यांवर. मी एकेक वास वेगळा करत होते, तांदूळ निवडताना खडे काढतात तसा. भामाबाई मधूनच भुवया उंचावून विचारायची. मी मान हलवायची, अजून नाही.

दीड तास झाला असेल. वेणू माझ्या मांडीवर येऊन बसली होती. तिला धुरात ठेवायलाच नको होतं. आधी एकदा खोकली. मग सुरूच झालं, घशातून शीळ घातल्यासारखं, आणि चेहरा लाल. मला दुसरं काही सुचलं नाही. मी तिला उचललं आणि मागच्या दाराने बाहेर पळाले. माडाखाली तिला उभी धरून पाठ चोळत होते, पाणी पाजत होते, तिचे ओठ निळे तर होत नाहीत ना पाहत होते. पाच मिनिटं असतील, दहा असतील. रोट म्हणून काही जगात आहे हे माझ्या मनातही नव्हतं.

मग घरातून आवाज आला. दमयंतीचा, कुडापलीकडून, मोठ्याने.

"आई! निखारे उतरवा!"

परत तिचाच आवाज.

"आई, ऐकताव का? भाजल्याचा वास येतंय हिकडं!"

मी वेणूला कडेवर घेऊन दारात आले. भामाबाई चिमटा हातात घेऊन बसली होती. तिची नजर माझ्या रिकाम्या पाटावर होती, मग दारात माझ्यावर आली. मी मान हलवायच्या आधी मला वास आला. लाह्यांचा वास कधीच होऊन गेला होता. हा कडेला जळणाऱ्या गुळाचा होता.

भामाबाईला कोणाचा भरवसा धरावा ते कळेना, असं मला वाटतं. सून मुद्दाम कच्चा उतरवायला सांगते आहे की खरं सांगते आहे? हातातला चिमटा तिने उचललाही नाही आणि ठेवलाही नाही. तेवढ्यात दमयंती कुडाला वळसा घालून आत आली, पिठाने भरलेल्या हातांनी. तिने चिमटाही मागितला नाही. पदर हाताला गुंडाळला, झाकणावरचे निखारे खाली लोटले, चुलीतली लाकडं ओढून पाण्यात टाकली. धुराचा लोट उठला.

अंगणातल्या बायका दारात जमल्या. काशिरामबाबा ढोलकीवाल्यांबरोबर हाक मारायला आलेच होते.

"भामे, झालं का? देवी उपाशी हाय."

मग चंद्रावतीने सांगितलं, "निखारे दमीनं उतरवले, बाबा. सगळ्यांनी बगितलं."

काशिरामबाबांनी भामाबाईकडे पाहिलं, दमयंतीकडे पाहिलं. म्हाताऱ्याला वाईट वाटलं असावं, पण रीत ती रीत. "मंग टोप तिच्या डोक्यावर. आजपास्नं मान तिचा. न् दोन चुली एक करा, आजवर चालवून घेतलं, पन रोटाचं घर फुटकं नाय चालत."

दमयंतीच्या चेहऱ्यावर आनंद दिसेल असं मला वाटलं होतं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. तिने धर्मराजकडे पाहिलं, तो खाली मान घालून उभा होता.

टोप डोक्यावर घेऊन ती पुढे निघाली, मागे ढोलकी, मागे गाव. भामाबाई सगळ्यांच्या शेवटी माझ्याबरोबर. मी म्हटलं, "भामाबाई, माझं चुकलं. वेणू खोकायला लागली आणि मी..."

"पोर खोकली तर आय उठनारच," ती म्हणाली. तेवढंच.

देवळात काशिरामबाबांनी झाकण काढलं. वाफ वर गेली. रोट एका कडेला काळसर झाला होता, बाकी छान. लोकांनी हात जोडले. वाटण्या सुरू झाल्या तशी भामाबाई गर्दीतून पुढे गेली. कोणी हाक मारली नव्हती.

"बाबा, एक बोलायचं हाय."

"बोल."

"माजं नाक ज्येष्ठापास्नं मेलंय. रोट हिनं राखला, मी नाय. पन हिची चूल येगळीच ऱ्हाऊ द्या. मान चंद्राच्या घरी न्या."

मग काशिरामबाबा म्हणाले, "ज्येष्ठापास्नं? म्हंजे मी चार म्हयने तुज्या दारावरनं जाताना नाक-तोंड दाबून जातो, ते फुकट? घोट घेतलेला तुला कळतच नवता?" सगळं देऊळ हसलं. म्हाताऱ्याने ते मुद्दाम केलं, हे मला नंतर सुचलं.

धर्मराज पुढे आला. "आये, काय बोलतेस? घरचा मान हाय."

"दमले रे," भामाबाई म्हणाली.

ती देवळाच्या पायरीवर जाऊन बसली. कोणीतरी तिच्या हातावर रोटाचा तुकडा ठेवला. तो तिने चावला, गिळला आणि हात लुगड्याला पुसले.

हे तिने सुनेसाठी केलं, की सुनेच्या मागून चालणं तिला सोसलं नसतं म्हणून केलं, ते मला आजही ठरवता आलेलं नाही. मी एकदा विचारलंही होतं. ती म्हणाली, "कशाला इचारताव?"

संध्याकाळी निघण्याआधी दमयंती विहिरीवर टोप घासत होती. तिच्या तळहाताला फोड आला होता. मी माझ्याजवळचं मलम दिलं.

"तुला माहीत होतं ना, त्यांना वास येत नाही ते?"

"आषाढापास्नं. बोंबील किडले तरी यांना पत्ता नाय. मीच उचलून टाकले."

"मग बोलली का नाहीस?"

ती माझ्याकडे बघून म्हणाली, "बाई, तुमी शिकलेल्या. बोलले असते तर रोट माज्या गळ्यात. ह्यांनी मुंबईला खोली बगितलीय. दिवाळीनंतर जायाचं. रोटवालीला गाव सोडता येतं का?"

"मग आज का उतरवलेस?"

टोपाच्या तळाला काळं चिकटलं होतं, ती राखेने घासत राहिली. "वास यायला लागला. एक डाव दात आवळून बसले. दुसऱ्या डावाला बसवेना. सगळ्यांच्या घरचा तांदूळ होता तो."

दिवाळीनंतर ती मुंबईला गेली. भामाबाई दर मंगळवारी येत राहिली. आता माझ्या स्वयंपाकघराबद्दल ती काही बोलत नसे, मीच तिला सांगायची, आज डाळ करपली, आज तूप चांगलं झालं. ती "हां" म्हणायची.

पुढच्या वर्षी पुनव मंगळवारी नव्हती. तरी त्या दिवशी ती आली. दहाच्या सुमाराला मागच्या दारी पाटी टेकवली. पाटीत मीठही अर्धंच होतं. मी विचारलं, "आज तुमच्याकडे सण ना?"

"चंद्रा करतेय. करपवणार ती." ती पडवीत बसली. "बसतो वाईच."

मी चहा टाकला. चहा घेऊन आले तर ती भिंतीकडे तोंड करून, डोक्याखाली हात घेऊन झोपली होती. चहावर साय धरली. मी वेणूला पुढच्या खोलीत नेऊन बसवलं आणि आवाज करायचा नाही म्हणून बजावलं. पाण्याची बादलीही सरकवायची सोडून हळूच उचलून नेली. बारा वाजले, एक वाजला. ती हललीही नाही. मी दोनदा जाऊन वाकून पाहिलं, तिचा श्वास चालू आहे की नाही ते. मला सवयच आहे ती. तिच्या पायांच्या भेगांत मीठ बसलं होतं. एक माशी तोंडावर बसत होती, मी पदराने ती हाकलत थोडा वेळ तिथेच बसले.

चारला ती एकदम उठून बसली. बाहेरचं ऊन पाहिलं, पदर सावरला, आणि माझ्यावरच चिडून म्हणाली, "एवडा वेळ? उठवायचं नाय का?"

"कशाला उठवायचं?" मी म्हटलं.

तिने गार झालेला चहा पिऊन टाकला, पाटी उचलली आणि विहिरीला वळसा घालून गेली.